जिनातला गूळ, चहातली साखर आणि वऱ्हाडचा दमा

कापसाचा हंगाम उघडला की अकोट, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, मूर्तिजापूर, धामणगाव या गावांतली जिनं सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर एक जुना सल्लाही सुरू होतो. छातीत धूळ गेली? गुळाचा खडा खा, साफ होते. सरकी काढायच्या रेच्याजवळून माणूस पाळी संपवून बाहेर येतो तेव्हा त्याच्या भुवया, पापण्या, मिशा सगळ्यावर रुईची बारीक लव बसलेली असते. बाहेर दिसते ती लव. नाकातून आत गेलेली धूळ दिसत नाही, तिच्यासाठी गूळ.

या सल्ल्याला हसून सोडून देण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. लखनौच्या इंडस्ट्रियल टॉक्सिकॉलॉजी रिसर्च सेंटरमध्ये साहू आणि सक्सेना या संशोधकांनी नेमका हाच सल्ला प्रयोगशाळेत तपासला. त्यांचा लेख १९९४ मध्ये ‘एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्हज’ या नियतकालिकात आला. उंदरांच्या फुफ्फुसांत कोळशाची आणि सिलिकाची धूळ सोडली, काहींना रोज गूळ दिला आणि काहींना दिला नाही. गूळ खाणाऱ्या उंदरांत धुळीचे कण फुफ्फुसातून लसिकाग्रंथींकडे जास्त सरकलेले दिसले आणि फुफ्फुसाची खराबीही कमी आढळली. गुळाची बाजू घेणारा प्रत्येक जण, ठाऊक असो वा नसो, याच एका कामावर उभा असतो.

पण तो प्रयोग उंदरांवरचा होता आणि धूळ खाणीतली होती. कापसाची धूळ वेगळ्या रीतीने छळते. बोंडावर, पानाच्या चुऱ्यावर जिवाणू वाढलेले असतात. त्यांच्या भिंतीतलं विष, ज्याला एन्डोटॉक्सिन म्हणतात, ते श्वासनलिकांना सूज आणतं. आठवडी सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत जरा सैल पडते, ही या आजाराची जुनी खूण. वैद्यकात त्याला बिसिनोसिस म्हणतात. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांत शिलिंग यांनी त्याची प्रतवारी बसवली. इथे कण साठून राहणं हा मुख्य प्रश्न नाही, सूज हा आहे. त्यामुळे गुळाने कण हलतात हे मान्य केलं तरी जिनातल्या माणसाचं त्यात काय भलं होतं, हे त्या उंदरांवरून ठरत नाही. खडा चघळला की लाळ सुटते, घसा ओला होतो, खाकरून बेडका पडतो आणि बरं वाटतं. ते खरं आहे, पण तेवढंच. गूळ अन्ननलिकेतून जातो, धूळ श्वासनलिकेतून. धुळीवरचा उपाय नाकातोंडावरचा मास्क आणि छतातले धूळ ओढणारे पंखे. गुळाचा खडा मास्कपेक्षा स्वस्त पडतो, म्हणून तर तो इतका टिकला नाही ना, अशी शंका मला येते.

तर प्रश्न असा आहे. गोड खाण्याचा आणि जुनाट दम्या-खोकल्याचा संबंध आहे की नाही? गेल्या चाळीसेक वर्षांत यावर जगभर बरंच काम झालं. त्यातलं काही पक्कं आहे, काही कच्चं आहे, आणि बरंचसं वऱ्हाडाला जसंच्या तसं लागू पडत नाही.

आधी आजाराची व्याप्ती. गावात दमा हा एकच शब्द दोन आजारांना वापरतात. एक खरा दमा, म्हणजे अस्थमा. तो बहुधा लहानपणी सुरू होतो, येतो-जातो. दुसरा सीओपीडी, ज्यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुफ्फुसातले हवेचे फुगे फाटत जातात. तो चाळिशीनंतर हळूहळू चढतो आणि उतरत नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली आलेल्या हिशेबानुसार २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. १९९० मध्ये तोच आकडा २ कोटी ८१ लाख होता. अस्थमाचे रुग्ण ३ कोटी ७९ लाख. सीओपीडीने होणाऱ्या नुकसानीचा निम्म्याहून अधिक वाटा, ५३.७ टक्के, घरातल्या आणि बाहेरच्या प्रदूषित हवेचा. तंबाखूच्या धुराचा २५.४ टक्के आणि कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा १६.५ टक्के. या यादीत साखर कुठेच नाही. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात असू द्यावं.

वऱ्हाडात या आकड्यांना नावंगावं आहेत. चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. कापूस वेचून झाला की उभ्या पऱ्हाट्या उपटून घराच्या मागे रचायच्या आणि पुढचं वर्ष चूल त्यावर चालवायची. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, शेगडी आली, सिलिंडर आला. पण सिलिंडर पैसे मागतो आणि पऱ्हाटी फुकट आहे, म्हणून चहा गॅसवर आणि भाकर-वरण चुलीवर अशी वाटणी कैक घरांत दिसते. बाईने आयुष्यात विडी ओढलेली नसते आणि साठीत ती चार पायऱ्या चढून बसते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधलं ते अशाच बायकांमुळे. जिनांची धूळ, अकोल्याच्या डाळ मिलांची टरफलं, मळणीयंत्राचा भुसा, मेळघाटात झोपडीच्या आतली शेकोटी, आणि पुरुषांची विडी. इतके वैरी दारात उभे असताना साखरेकडे बोट दाखवणाऱ्याने पुरावा द्यायलाच हवा.

तो पुरावा पहिल्यांदा आला अतिदक्षता विभागातून. १९८० च्या सुमारास अमेरिकेत आस्कानाझी आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की शिरेतून भरमसाठ ग्लुकोज दिलेल्या रुग्णांचा श्वास वाढतो आणि काहींना धाप लागते. कारण शरीराच्या साध्या हिशेबात आहे. कर्बोदकं जळताना जितका प्राणवायू लागतो, तितकाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. स्निग्ध पदार्थ जळताना प्राणवायूच्या दहा भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे सातच भाग. धडधाकट माणूस चार श्वास जास्त घेऊन तो वायू बाहेर टाकतो. ज्याची फुफ्फुसं आधीच थकली आहेत त्याच्याजवळ जादा श्वास शिल्लक नसतो. वायू रक्तात साठतो, आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते.

यावरून एक अख्खा धंदा उभा राहिला. फुफ्फुसाच्या रुग्णांसाठी कमी साखरेची, जास्त तेलाची डबाबंद पेयं निघाली. मग १९९२ मध्ये टॅल्पर्स आणि सहकाऱ्यांनी उलट तपासणी केली. उष्मांक मोजून बेतात ठेवले आणि फक्त कर्बोदकांचा वाटा कमीजास्त केला, तर कार्बन डायऑक्साइडमध्ये फारसा फरक पडला नाही. उष्मांकच गरजेपेक्षा जास्त दिले तेव्हा तो चढला. म्हणजे दोष साखरेच्या जातीचा कमी आणि एका वेळी लादलेल्या ओझ्याचा जास्त. युरोपच्या क्लिनिकल न्यूट्रिशन संस्थेने २००६ च्या मार्गदर्शनात त्यामुळेच म्हटलं, की स्थिर असलेल्या सीओपीडी रुग्णाला कमी कर्बोदकांच्या खास पेयांचा वेगळा फायदा नाही. थोडं थोडं, वारंवार खावं. हे मत आजही पटण्यासारखं आहे.

इथे सलाइनचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. वऱ्हाडात अशक्तपणा आला की ‘एक बाटली लावून घेतो’ हा रिवाज आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे पाचेक चमचे साखर आणि शंभराच्या आत उष्मांक. तेवढ्याने आस्कानाझींच्या रुग्णांसारखं काही होणार नाही, घाबरण्याचं कारण नाही. पण मधुमेह असलेल्या, स्टिरॉइड चालू असलेल्या, पायावर सूज असलेल्या दमेकऱ्याला ती बाटली कशासाठी, हे लावणाऱ्यालाही सांगता येत नाही. दोन उकडलेली अंडी त्याहून जास्त शक्ती देतात आणि कितीतरी स्वस्त पडतात.

दुसरा पुरावा बाटलीबंद थंड पेयांचा. दक्षिण ऑस्ट्रेलियात १६,९०७ लोकांना फोन करून विचारपूस केली आणि २०१२ मध्ये ‘रेस्पिरॉलॉजी’ नियतकालिकात निष्कर्ष छापले. रोज अर्ध्या लिटरहून अधिक थंड पेय पिणाऱ्यांत अस्थमाची शक्यता १.२६ पट आणि सीओपीडीची १.७९ पट. अमेरिकेत २०१५ च्या एका अभ्यासात आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा असं पेय पिणाऱ्या तरुण-मध्यमवयीनांत जुनाट ब्राँकायटिस १.८ पट आढळला. संशोधकांनी बोट ठेवलं ते मक्याच्या गोड पाकातल्या फ्रुक्टोजवर. आपल्याकडच्या बाटलीत बहुधा उसाची साखर असते, पण तिच्यातही अर्धा भाग फ्रुक्टोजच, म्हणून आपण सुटलो असं नाही.

तरी हे दोन्ही अभ्यास मी कच्च्या पुराव्यात टाकीन. एकाच वेळी विचारलेल्या प्रश्नांवरून आधी बाटली की आधी खोकला, हे कळत नाही. रोज अर्धा लिटर पिणारा माणूस सिगारेटही ओढत असतो, वजनही बाळगत असतो. हिशेबात ते वजा केलं तरी पूर्ण वजा होत नाही. शिवाय रोज अर्धा लिटर थंड पेय पिणारा सीओपीडीचा रुग्ण अचलपूर तालुक्यात शोधून दाखवावा. आपली साखर बाटलीतून येत नाही, कपातून येते. दिवसातून सहा वेळा चहा, दर कपाला दोन चमचे, चमच्याला पाच ग्रॅम: ६० ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातली मर्यादा आहे दिवसाला २५ ते ३० ग्रॅम. आणि गुळाचा चहा केला म्हणून हिशेब बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली आणि मधातलीही साखर त्याच खात्यात धरते. त्या खात्यातून सुटते ती सबंध फळातली, भाजीतली आणि दुधातली साखर.

मुलांच्या बाबतीत वऱ्हाडाचं नाव जगाच्या नकाशावर आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल. १९९० च्या दशकात बालदम्याची जगातली सर्वांत मोठी पाहणी झाली, आयझॅक नावाची. ५६ देशांतली १५५ केंद्रं, तेरा-चौदा वर्षांची ४,६३,८०१ मुलं. भारतातल्या केंद्रांत दिल्ली, चंदीगड, पुणे होते आणि अकोलाही होतं. पुढच्या टप्प्यातल्या देशोदेशीच्या आहाराच्या माहितीवरून २०१३ मध्ये ‘थोरॅक्स’मध्ये लेख आला. आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा फास्टफूड खाणाऱ्या किशोरांत तीव्र दम्याची शक्यता ३९ टक्क्यांनी जास्त, लहान मुलांत २७ टक्क्यांनी. तितक्याच वेळा फळ खाणाऱ्यांत ती ११ आणि १४ टक्क्यांनी कमी. हेही नातं आहे, कारण नव्हे. पण वरूड-मोर्शीची संत्री ट्रक भरभरून परमुलखात जातात आणि त्याच तालुक्यातल्या पोराच्या डब्यात क्रीमचं बिस्किट असतं, हे चित्र मला त्या टक्क्यांपेक्षा जास्त खुपतं. संत्रं सोलून खावं, रस काढून त्यात साखर घालू नये.

आईच्या पोटातल्या महिन्यांचा एक अभ्यास वेगळा उठून दिसतो. इंग्लंडच्या ब्रिस्टल भागात १९९० च्या दशकात जन्मलेल्या जवळपास नऊ हजार माय-लेकरांची माहिती २०१७ मध्ये तपासली गेली. गरोदरपणी सर्वांत जास्त साखर खाणाऱ्या मातांच्या मुलांत, सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, सात-आठ वर्षांच्या वयात ॲलर्जीचा दमा दुपटीने आढळला. मुलाने स्वतः किती गोड खाल्लं याचा मात्र संबंध दिसला नाही.

पण मेळघाटातल्या गरोदर बाईला हे सांगायला कोणी जाऊ नये. तिची अडचण साखर जास्त असण्याची नाही, सगळंच कमी असण्याची आहे. १९९१ मध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशरच्या जुन्या नोंदींवरून दाखवलं होतं, की जन्मतः वजन कमी असलेल्या बाळांची फुफ्फुसं म्हातारपणी दगा देतात. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये लांगे आणि सहकाऱ्यांनी तेच दुसऱ्या अंगाने मांडलं: सीओपीडी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची फुफ्फुसं तरुणपणीसुद्धा पूर्ण वाढलेली नव्हती. आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९३ पासून जे काम केलं त्यातून कळलं, की आपलं बाळ वजनाला हलकं पण चरबीला पुढे असतं आणि मोठेपणी मधुमेहाकडे लवकर झुकतं. हे सगळं एकत्र वाचलं की ध्यानात येतं: धारणी-चिखलदऱ्यात दोन किलोचं जन्मलेलं बाळ आखूड फुफ्फुसं आणि मधुमेहाची तयारी अशा दोन्ही गोष्टी बरोबर घेऊन येतं. त्याला पुढे चुलीचा धूर आणि गोड चहा दोन्ही मिळतात.

आता या प्रश्नाचा सर्वांत भक्कम भाग. खाल्लेल्या साखरेपेक्षा रक्तातली साखर फुफ्फुसाला जास्त भिडते, आणि याचा पुरावा वॉर्डातला आहे. लंडनमध्ये सीओपीडी उसळून दाखल झालेल्या २८४ रुग्णांच्या नोंदी एमा बेकर आणि सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २००६ मध्ये ‘थोरॅक्स’मध्ये मांडल्या. रक्तातली साखर दर १८ मिलिग्रॅमने वाढली की मृत्यू किंवा लांबलेला मुक्काम यांचा धोका १५ टक्क्यांनी वाढत होता. आजार तीव्र असला की ताणानेही साखर चढते, म्हणून सगळा दोष साखरेचाच असं म्हणता येणार नाही. पण त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली होती. रक्तातली साखर साधारण १२० ते १७५ मिलिग्रॅमच्या वर गेली की ती श्वासनलिकेच्या ओलाव्यात पाझरू लागते. एरवी तिथे ग्लुकोज जवळजवळ नसतं, म्हणजे जंतूंना तिथे खायला मिळत नाही. साखर पाझरली की त्यांचं फावतं.

साखर चढवण्याचं काम बऱ्याचदा आपण स्वतःच करतो, औषधाने. दम्याचा झटका आलेला माणूस अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात जावो की अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये, वाफेबरोबर त्याला स्टिरॉइड द्यावंच लागतं. ते जीव वाचवतं, त्याबद्दल वाद नको. पण सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. पहाटे उपाशीपोटी तपासली तर ती बरीचशी सरळ येते. रिपोर्ट पाहून घरचे निर्धास्त होतात, आणि पाच वाजता त्याच माणसाची साखर तीनशेला टेकलेली असते. तहान लागते, रात्री चारदा उठावं लागतं, आणि सगळे म्हणतात औषधाची गरमी झाली. मग गरमीवर उपाय म्हणून रसवंतीतला उसाचा रस येतो!

स्टिरॉइड किती दिवस द्यायचं याचंही उत्तर आता आहे. स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिड्यूस’ चाचणीत ४० मिलिग्रॅमचा पाच दिवसांचा डोस चौदा दिवसांच्या डोसाइतकाच उपयोगी ठरला. तरीही जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने गोळी चालू ठेवणारे कमी नाहीत. आणि एक आहे ‘पुडी’. वैदू देतो, आयुर्वेदिक म्हणतो, दोन दिवसांत उतारा पडतो, भूक लागते, तोंड गोल होतं. इतका झटपट उतारा पडला की डॉक्टरांना पहिला संशय कुटलेल्या स्टिरॉइडचाच येतो, आणि तो बऱ्याचदा खरा निघतो. ज्याला श्वासातून घ्यायच्या पंपाची (इनहेलरची) ‘सवय’ लागेल म्हणून भीती वाटते तोच माणूस ही पुडी वर्षभर खातो. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध द्यायची प्रथा मध्य भारतात जागोजागी आहे. श्रद्धेबद्दल मला बोलायचं नाही, पण मधुमेह असलेल्याने खीर किती खायची ते आधी ठरवून जावं.

मधुमेह आणि फुफ्फुस यांचं नातं रुग्णालयाबाहेरही दिसतं. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्ययोजनेच्या नोंदींवरून २०१० मध्ये ‘डायबेटिस केअर’मध्ये आलेल्या अभ्यासात मधुमेहींना सीओपीडीचा धोका २२ टक्क्यांनी, फुफ्फुस घट्ट होण्याचा ५४ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा ९२ टक्क्यांनी जास्त आढळला. आपल्याकडे यात क्षयाची भर. मधुमेहीला क्षय होण्याचा धोका साधारण तिप्पट असतो. क्षय औषधांनी बरा होतो, पण फुफ्फुसात डाग, पोकळ्या आणि अरुंद झालेल्या नळ्या ठेवून जातो. मग पाच-सात वर्षांनी तोच माणूस ‘दमा’ म्हणून परत येतो. साखरेपासून दम्यापर्यंतचा हा वळणाचा रस्ता परदेशी अभ्यासांत फारसा येत नाही, आपल्याकडे मात्र तो रुळलेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत २०११ मध्येच महाराष्ट्रात ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह होता. २०२३ मध्ये देशाचा आकडा ११.४ टक्क्यांवर, म्हणजे दहा कोटींवर गेला.

एवढं वाचून कोणी घरातल्या दमेकरी म्हाताऱ्याचा चहा बंद करायला निघेल, त्याला आधी थांबवतो. पाश्चात्त्य अभ्यासातला रुग्ण बहुधा जाड असतो, आपला बहुधा वाळलेला. चाळीस-पंचेचाळीस किलोची बाई, दंडावर कातडी लोंबते, गळपट्टीची हाडं वर आलेली, श्वास घेताना मानेच्या शिरा ताठ होतात. तिला जेवणाचं विचारा. "भाकर चावता चावताच दम भरते, डाक्टरसाहेब. चा-टोस बुडवून खाल्ला का भागते." यात सगळं आलं. ज्वारीची भाकर चावायला वेळ लागतो, चावताना श्वास धरावा लागतो, पोट भरलं की ते वर दाबतं आणि धाप वाढते. म्हणून दोन्ही वेळचं जेवण घटत जातं आणि त्याची जागा गोड चहा, टोस्ट, ग्लुकोजची बिस्किटं घेतात. साखर इथे विष म्हणून येत नाही, जेवणाच्या जागी येते. भूक मारते आणि स्नायूला काही देत नाही. सीओपीडीत माणूस फुफ्फुसाइतकाच स्नायूंनी खचतो. मांड्या वाळतात, श्वासाचे स्नायू वाळतात, आणि वजन घसरलेला रुग्ण त्याच आजाराच्या भरलेल्या रुग्णापेक्षा लवकर जातो.

तिचा चहा तोडला आणि बदल्यात काही दिलं नाही, तर तिच्या दिवसातले दोन-तीनशे उष्मांक गेले, बाकी काही झालं नाही. अशा रुग्णाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या बाईला साधारण ५४ ते ६७ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. तूर अकोल्याच्या मिलांत भरडली जाते, सोयाबीन वऱ्हाडभर पिकतं आणि तेल काढून त्याची पेंड कोंबड्यांना जाते. जिथे प्रथिनं पिकतात तिथल्या ताटात ती पातळ वरणापुरती उरतात. देशाचा आहारच तसा झालाय: उष्मांकांपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून आणि जेमतेम १२ टक्के प्रथिनांतून येतात, असं आयसीएमआरच्या २०२५ च्या विश्लेषणात दिसलं.

सबंध आहाराकडे पाहणारे अभ्यास म्हणूनच एकट्या साखरेवरच्या अभ्यासांपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतात. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिक अशा १ लाख २० हजार जणांना वर्षानुवर्षं पाहून २०१५ मध्ये ‘बीएमजे’त लिहिलं गेलं, की ज्यांचा आहार सर्वांत चांगला त्यांना सीओपीडीचा धोका सर्वांत वाईट आहार असलेल्यांपेक्षा एक तृतीयांशाने कमी. चांगला म्हणजे भाज्या, अख्खी धान्यं, दाणे जास्त आणि गोड पेयं, मैदा, लाल मांस कमी. नीट पाहिलं तर ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वरण आणि ताक. आपल्या आजीचं ताट या परीक्षेत बऱ्यापैकी गुणांनी पास होतं. फक्त ते शिजायचं चुलीवर, आणि तिथेच घात व्हायचा.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे अकोल्यात जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा उन्हात दमेकऱ्याचा बेडका घट्ट होतो, पाणी कमी पडलं की खोकून निघत नाही. पाणी हवंच, पण ते सरबताच्या रूपात दिवसातून पाच वेळा नको. ताक, आंबील, कमी साखरेचं पन्हं चालेल. ज्यांचं हृदय कमजोर आहे त्यांनी मीठ आणि पाणी डॉक्टरांना विचारून घ्यावं. जलसंजीवनी (ओआरएस) घ्यायची तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचीच, लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोजची. औषधाच्या दुकानात तशाच नावाने मिळणारी फळचवीची डबाबंद पेयं कित्येक पट गोड असत. त्यांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली.

मग साखर दोषी की निर्दोष? माझ्या मते वऱ्हाडातला दमा साखरेने होत नाही. तो धुराने, धुळीने, विडीने, क्षयाने आणि आईच्या उपासमारीने होतो. साखरेमुळे त्याची चाल बिघडते. ती मधुमेहाच्या वाटेने येते, स्टिरॉइडबरोबर येते, किंवा ताटातल्या वरणाची जागा बळकावून येते. ज्याच्या अंगावर मांस आहे आणि मधुमेहही आहे, त्याने साखर खरोखर तोडावी. ज्याच्या अंगावर मांस नाही, त्याने चहाला हात लावण्याआधी ताटात अंडं, दाणे, घट्ट वरण, दूध आणावं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं आणि खाण्याआधी पंप घेऊन पाच मिनिटं बसावं.

दमेकऱ्याला घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या घरच्या माणसाला एवढीच विनंती आहे. स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन सुरू झालं की उपाशीपोटीच्या साखरेवर थांबू नका, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनीही एकदा तपासायला सांगा. गोळी किती दिवसांची ते चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि सुट्टी होताना रुग्णाचं वजन करून तेही कागदावर टिपा. पुढच्या वेळी ते घटलंय की वाढलंय, यावरून डॉक्टरला बरंच काही कळतं.